आत्याबाईंचं न धुतलेलं लुगडं

टेम्पोत चढायला मला कुणी आग्रह केला नाही. आग्रह लागला तो चंद्रीला, म्हणजे आमच्या म्हशीला. फळीवर पुढचे पाय ठेवायची, ओरडायची आणि मागं सरायची. गडीमाणसं तिला ढकलून घामाघूम झाली होती. मी मात्र ड्रायव्हरशेजारी बसलेली. मांडीवर तान्ही सुनंदा, अंगावर नायलॉनची नवी साडी आणि तोंडाला एवढी पावडर की पोरगीसुद्धा माझ्याकडं बघून बावरत होती. औरंगाबादजवळच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती ती मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पण ऐट बघावी तर माझी.

मामंजी लिंबाखाली उभे होते. "पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत बी आपण गाव सोडलं नाय, आन हा कारखान्याच्या भोंग्यापायी निघाला," असं ते चंद्रीला सांगत होते, कारण पोराशी बोलणं बंद होतं. आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या खिडकीपाशी आल्या आणि एवढंच बोलल्या, "नव्या दावणीला म्हैस पान्हा चोरती. बाई बी चोरती. घाबरू नको."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची ह्या म्हणींच्या तावडीतून.

तुमच्यातले जे गावातच राहिले, त्यांना माझी ती ऐट अजून आठवत असेल. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना पुढचं सांगायला नको. तरी सांगते.

चिकलठाण्याला एक खोली आणि मागं पत्र्याचा गोठा भाड्यानं मिळाला. चंद्रीचं रेडकू गावीच दगावलेलं. त्याच्यामागं ती फक्त आत्याबाईंच्या हाताला दूध द्यायची, पण मला वाटलं, हात काय, सगळे सारखेच. सकाळी नायलॉनची साडी सावरत, पावडर लावून मी चरवी घेऊन बसले. चंद्रीनं मान वळवून मला एकदा हुंगलं आणि फुर्र करून नाक झाडलं. कास भरलेली, पण चरवीत कसंबसं वाटीभर. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही.

गंमत म्हणा की दुर्दशा, त्याच आठवड्यात माझंही दूध कमी झालं. सुनंदा ओढून ओढून रडायची आणि रडून रडून झोपायची. पोरीचे गाल बसले. कारखान्याचा भोंगा वाजला की मी पोरीसकट दचकायचे. ओळखीचं तोंड नाही, बोलायला कुणी नाही, आणि जिच्याशी भांडून दिवस घालवायची ती सासूही नाही! मग मी शहाणपण केलं. आधी म्हशीची दृष्ट काढली, मग स्वतःची. मिरच्या एवढ्या जाळल्या की गल्ली खोकत बाहेर आली.

शेजारच्या शकीलाभाभी नाकाला ओढणी लावून आल्या. माझ्याकडं आणि चंद्रीकडं आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "अगे, भैंस को तेरा पौडर पसंद नै आया. मेरे कू बी नै आया." मी फुगून बसले.

एक दिवस मालक बारीकशी बाटली आणि सुई घेऊन आले. गोठेवाले म्हशींना सर्रास टोचायचे तेव्हा. आता त्याला मनाई आहे म्हणतात. "टोचली की लगीच धार लागती," ते म्हणाले.

"आन मला कोण टोचणार?" मी विचारलं.

बाटली फळीवर ठेवून ते म्हणाले, "रविवारी गावाकडं जाऊन येतो. काय उपाय निघाला तर बरं. न्हाई तर म्हैस इकू, आन तू बी पोरीला घेऊन गावी जा. पोरगी जगली पाहिजे." म्हणजे टेम्पो उलटा फिरणार आणि मी मामंजींच्या लिंबाखालून पडलेल्या तोंडानं परत जाणार. लाजेनं मेले असते. पण पोरीचे गाल बघितले की लाजही परवडेल असं वाटायचं.

मालक परत आले ते ज्वारीच्या पोत्यावर एक गाठोडं ठेवून. आत्याबाईंचं लुगडं! अंगावरचं उतरवून तसंच बांधलेलं. शेण, घाम, मिश्री आणि चुलीचा धूर, सगळा संसार त्या नऊ वारांत. सोबत निरोप: "नेसून बस म्हनावं. आन धुवायची हौस करू नको."

"हे मी नेसू?" मी नाक मुरडलं.

"न्हाई तर मी नेसतो," मालक म्हणाले. आमच्या गावात घरधनीण आजारी पडली की मिशीवाले बाप्येसुद्धा बायकोचं लुगडं गुंडाळून धारेला बसायचे, म्हशीला फसवायला. शकीलाभाभींना हा देखावा दिसू नये म्हणून मीच नेसले.

पावडर पुसली. सुनंदाला दाराशी गोधडीवर ठेवलं. चंद्रीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि माझा खांदा खरखरीत जिभेनं चाटला. तिचे कान सैल पडले. सडाला हात लावला तर धार अशी वाजली की चरवी बोलायला लागली. तेवढ्यात पोरगी रडली, आणि माझी चोळी भिजली! मी खाली बघितलं, चंद्रीकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. जिच्यापासून सुटले म्हणून मिरवत आले होते, तिच्या वासानं आम्हा दोघींना पान्हा फुटला होता. बाटली फळीवर तशीच राहिली.

माझी नात पल्लवी, म्हणजे त्याच सुनंदाची लेक, सांगते की हे हॉर्मोनचं काम. डोक्यातून सुटतं, दूध सोडतं, बाळंतकळा आणतं, म्हणे जीवही लावतं. त्या बाटलीतही तेच होतं. भीतीनं अडतं, ओळखीच्या आसऱ्यानं मोकळं होतं. आता घरात ऊठसूट हॉर्मोनच. नातवाला मुरूम आले, हॉर्मोन. सून चिडली, हॉर्मोन. माझ्या अंगात पन्नाशीला भट्ट्या पेटायच्या आणि मी थंडीत पंखा लावायचे, तेव्हा मालक म्हणायचे, "हिच्या अंगात आलं." तेव्हा हा शब्द ठाऊक असता तर काय काय खपवलं असतं मी!

पल्लवी बंगळूरला असते. यंदा बाळंत झाली. सुनंदा हाताशी राहून परतली आणि पोरगी एकटी पडली. फोनवर तोंड एवढंसं. "आजी, दूध येतच नाही गं. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. कसं नको घेऊ?"

मी अंगावरची साडी उतरवली आणि पिशवीत भरली. सून म्हणाली, "आई, निदान धुऊन तरी पाठवा." मी म्हटलं, "धुतली तर पाठवायचं काय?"

पुढं तिचं दूध उतरलं. डॉक्टरांचा गुण का साडीचा, मी वाद घालत नाही. आता माझा वास म्हणजे बाम, पावडर आणि सिडकोतल्या फ्लॅटमधली फोडणी. गावाचा त्यात कणही नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, मामंजींचा लिंब गेला, आत्याबाई तर कधीच्या गेल्या. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे. आता वाटतं, जिथं अंग चोरावं लागत नाही ते घर, आणि ते गाठोड्यात बांधून पाठवताही येतं.

परवा पल्लवीचा फोन आला. बाळ साडीत तोंड खुपसून झोपलं होतं. "आजी, शेजारीण विचारत होती, हा कसला वास येतो तुमच्याकडं?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्या घराचा."