फोटोतला तुरा

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खरं सांगायचं तर रडू येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता तिच्या नजरेला नजर द्यावी लागणार नाही, हेच पहिलं मनात आलं. त्याला दीड महिना झाला, पण त्याची लाज अजून कमी होत नाही.

विक्रोळीला एकाच मजल्यावर आमची बावीस वर्षं गेली. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती आणि घरीही तशीच, सगळं तपासून घेणारी. आमच्याकडे कोकणी खाक्या, सगळं अंदाजाने. तिच्या खिडकीत फिटोनियाची तळहाताएवढी कुंडी होती. हिरवी पानं, त्यांवर पांढऱ्या शिरांचं जाळं. ना देवाला वाहायला फूल, ना आमटीत टाकायला पान, असलं झाड पोसतेस कशाला, म्हणून मी तिला चिडवायचे. त्याला कधीतरी बारीकसा तुरा यायचा, तर तोही ही बाई नखाने खुडून टाकायची. तुरा ठेवला की पानं खुरटतात, म्हणायची. मला ते बघवायचं नाही.

पोटाच्या दुखण्यासाठी ती दाखल झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दिवसरात्र तिच्यापाशीच राहणार होते, म्हणून निघताना घराची चावी माझ्याकडे दिली. "वैजू, हे झाड तहान लागली तरी मान टाकतं आणि पाणी जास्त झालं तरी मान टाकतं. नुसतं बघून ओतू नकोस, मातीत बोट घालून बघ," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "आणि माझं काय ते घरचे मला सांगणार नाहीत. मी तुला विचारेन. तू खरं सांग." मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं. भाऊजींनी माझ्यापुढे हात जोडले. तिला कळू देऊ नका, ती खचेल, म्हणाले. त्यांनाही मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात झाडाने मान टाकली. मी बोटबीट काही घातलं नाही. बांगडे धुतलेलं पाणी हाताशी होतं. गावी आमच्याकडे माडाला, कढीपत्त्याला तेच घालतात, आणि झाडं तरारतात. दुसऱ्या दिवशी ते आणखी मलूल दिसलं, म्हणून परत घातलं. मीठ लावून धुतलेले बांगडे ते... एवढ्याशा मुळांना कसं सोसणार? चार दिवसांत देठ काळे पडले, खोलीभर वास सुटला. आणि नेमका तेव्हाच तिचा मेसेज आला, झाडाचा फोटो पाठव. माझ्या फोनमध्ये ती दाखल होण्याआधी सहज काढलेला एक होता, तो पाठवला. खाली लिहिलं, टकाटक आहे. तिचं उत्तर आलं नाही.

त्यानंतर मी रोज भेटायला जायचे, आणि तिने विचारलं तर काय, याची धास्ती असायची. पण तिने रिपोर्टबद्दल एक शब्द काढला नाही. शेवटी मलाच राहवेना. एका दुपारी भाऊजी औषधं आणायला खाली गेले, तेव्हा मी म्हटलं, "सुजा, झाड मेलं गं."

"माहितेय," ती म्हणाली. "फोटोत तुरा होता. इथे यायच्या दिवशी सकाळीच मी तो खुडला होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. चुकलं माझं, आता विचार काय ते, सगळं खरं सांगते, असं मी म्हणाले. 

"आता काय विचारू? तू एका कुंडीसाठी खोटं बोललीस, तेव्हाच कळलं मला माझं काय आहे ते. आठ दिवस एकटीच घेऊन बसलेय."

मग तिने पाणी मागितलं. मी पाजलं. पुढे तीन आठवडे ती माझ्याशी डाळीच्या डब्यांबद्दल आणि इस्त्रीच्या कपड्यांबद्दल बोलत राहिली. आता वाटतं, खरं काय ते बाहेर काढायला तिला माझी गरज नव्हतीच. ते तिला तिचंच कळणार होतं. कळेल त्या दिवशी कुणीतरी शेजारी बसलेलं तिला हवं होतं, आणि मी तिथे नव्हते.

तिच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाऊजी माझ्यापाशी आले. ताई, तुमच्यामुळे तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, सुखाने गेली, म्हणाले. मी मान हलवली. त्यानंतर दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले, बेल वाजवायचा धीर झाला नाही. पण ते रविवारची पुरवणी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, म्हणून हे इथे लिहिते. भाऊजी, तिला सगळं कळलं होतं, माझ्यामुळेच कळलं. तुम्ही खचू नये म्हणून ती तुमच्यासमोर काही माहीत नसल्यासारखी वागत होती.