वडिलांच्या कानांसाठी आणलेले दोन ॲम्प्लिफायर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या कानांसाठी पत्रकं लिहीत होतो. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा दणदणाट आणि कानात घालायला साधा कापसाचा बोळाही नाही, ही सरळ लूट होती. माझे वडील अशाच एका प्रेसवर होते. घरी त्यांनी गाणी ऐकणं सोडलं होतं. नवी म्युझिक सिस्टीम मोठी केली की त्यांच्या कानाला टोचायची, लहान केली की शब्द कळायचे नाहीत.

काचेच्या व्हॉल्व्हचा आवाज कानाला मऊ लागतो असं ऐकलं होतं, म्हणून मी तसले दोन जुने ॲम्प्लिफायर मागून आणले. एक मंडपवाल्याचा, एक भद्रकालीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला. दोन्हींना स्पीकर तोच, रेकॉर्डही तीच. व्हॉल्व्ह तापू दिले आणि मंडपवाल्याचा पूर्ण मोठा केला.

"अरे, सभा आहे का ही?" वडील ओरडले. "मतं मागतोयस की गाणं ऐकवतोयस?"

आई पदराआड हसली. मी दुसरा जोडला आणि आवाज निम्म्यावर ठेवला. यात तबला गोल वाजत होता, आणि रेकॉर्डवरच्या गायिकाबाई जणू आमच्याच खोलीत बसून गात होत्या.

वडील पुढे सरकून बसले. "हिचा श्वास ऐकू येतोय रे," ते म्हणाले. एरवी टीव्हीचा आवाज वाढवत नेणाऱ्या हाताने त्यांनी बटण थोडं खालीच फिरवलं.

कारखान्याला मी माफ केलं नाही. नवं पत्रक लिहायला तिथेच बसलो, तेवढ्यात ते म्हणाले, "ते राहू दे. आधी रेकॉर्ड उलटी कर."