लीलाआक्कांचा तोल

संध्याकाळी कापडाच्या लूमवरची पाळी सुटली की लीलाआक्का उधन्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसत. आत शिरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला अडवत. "तोंड उघड रे भो!" गुजरातेत दारूबंदी सरकारची, आमच्या गल्लीत ती आक्कांच्या नाकावर चाले. सख्खा दीर वामनभाऊ बडीशेप चघळत आला, तर म्हणत, "बडीशेप कशावर खाल्ली, ते सांग."

मी तेव्हा लग्न होऊन शेजारच्या खोलीत नवीनच आले होते. एका सकाळी नळावर आक्कांच्या हातून घागर सुटली. त्या भेलकांडत भिंतीला टेकल्या आणि भडाभडा ओकल्या. पाळीला निघालेल्या वामनभाऊंनी धावत येऊन त्यांना सावरलं. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वहिनी, तोंड उघडा."

अख्खी गल्ली खो खो हसली. आक्का नाही हसल्या. दवाखान्यात जाताना रिक्षात माझा हात घट्ट धरून पुटपुटल्या, "लकवा असेल गं. आता अंथरूणच."

"लकवा नाही, बेन," कानाचे डॉक्टर तपासून म्हणाले. "दोन्ही कानांच्या आतून मेंदूला तोलाचे निरोप जातात. डोकं वळलं की एका बाजूचे वाढतात, दुसरीकडचे घटतात. त्यावरून मेंदूतल्या पेशी ओळखतात, कुठे वळलात ते. तुमच्या एका कानाची तोलाची नस सुजून गप्प झालीय. म्हणून बसल्या जागी मेंदूला वाटतं, तुम्ही गरगर फिरताय."

"मग सांगा ना त्याला, नाही फिरत म्हणून!"

"ते तुम्हीच शिकवायचं. मान डावी-उजवीकडे वळवत रोज चालायचं. पडून राहिलात तर तो शिकणार नाही."

ओकाऱ्या थांबल्यावर आक्का चालू लागल्या. मान वळवत चालायचं, म्हणजे दोन्हीकडच्या प्रत्येक दारातून आत बघायचं! पुरुषमंडळी दारं लोटू लागली. "डॉक्टरनं सांगितलंय," आक्का साळसूदपणे म्हणत. दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. तेव्हापासून वामनभाऊ रोज सोबत चालू लागले. "आधारच प्यायलेला असला, तर दोघं गटारात," आक्कांनी बजावलं. ते दोन महिने वामनभाऊ प्यायले नाहीत. निदान चालण्याआधी तरी.

उन्हाळ्यात आक्का कुरडया वाळत घालायला लोखंडी शिडी चढून गच्चीवर गेल्या. मी खालूनच विचारलं, "कान बरा झाला?"

"कान कसला बरा होतोय! मेंदूच शिकला त्याच्यावाचून." त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मी शिडीला भिते, हे त्यांना ठाऊक होतं. "माझा पन्नाशीत शिकला. तू तर विशीतली. चढ!"

मी चढले.