सोळा वाडग्यांचं सुतक

एका रविवारी दुपारी आमच्या घरी सोळा माणसं गेली आणि त्यांतलं एकही आमच्या ओळखीचं नव्हतं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पिंपरीतली आमच्या कारखान्याची वसाहत तेव्हा इतकी नवी होती, की भिंतीला टेकलं तर पाठ पांढरी व्हायची. सातारा, नगर, परभणी, रत्नागिरी, जिथून म्हणून माणूस कामाला येऊ शकतो तिथून तो सहकुटुंब आलेला. मी महिला मंडळाची चिटणीस. मला याद्या करायची सवय आहे. धोब्याची, वाण्याची, कोणाच्या मुलाला देवी टोचल्या त्याची, हळदीकुंकवाला कोणाचं पातेलं कोणाकडे गेलं त्याची. कुठली यादी कुठं ठेवली आहे याचीही एक यादी आहे. (हसू नका. तिचा फार उपयोग होतो.)

त्या रविवारी माझ्या धाकट्या नणंदेला, कुसुमला, बघायला चाकणहून मंडळी येणार होती. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर. याआधी तीन ठिकाणांहून नकार आलेला. एकांना उंची कमी वाटली, दुसऱ्यांना जास्त वाटली, तिसऱ्यांनी कारणच कळवलं नाही. कुसुम बोलत काही नव्हती, पण हल्ली कोणी बघायला येणार म्हटलं की दोन दिवस आधीपासून तिची भूक जायची. आमचे हे तिचे सगळ्यांत थोरले भाऊ, म्हणजे वडिलांच्या जागी. आणि मी थोरली वहिनी, म्हणजे सगळा कार्यक्रम माझ्या अंगावर.

मी यादी केली. पाच वाजता पाहुणे. सहाजण. सहा बशा पोहे, सहा कप चहा. त्याआधी मुलीच्या मनावरचा ताण कमी व्हावा म्हणून दोन ते चार, सिनेमा.

सिनेमाची कल्पना माझी. हे मी स्वतःहून कबूल करते, कारण घरात ते कोणी विसरलेलं नाही.

कारखान्याच्या कँटीनमध्ये महिन्यातून एकदा, खिडक्यांना घोंगड्या लावून, भर दुपारी सिनेमा दाखवत. त्या वेळी पुण्याहून जुनी इंग्रजी रिळं आली होती. पहिल्या महायुद्धावरचा काळा-पांढरा सिनेमा. लग्न झालं त्या वर्षी मी तो पुण्यात पाहिला होता आणि इतकी रडले होते, की थिएटरातून येताना एक चप्पल माझी आणि एक कुणा परक्या बाईची घालून आले. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आता चाळिशी ओलांडली होती, मंडळाची चिटणीस होते, आणि चार डझन लोकांच्या देवी टोचून घेताना मी एकेकाचा दंड धरून उभी राहिले होते. सिनेमानं रडायचं माझं वय सरलं होतं.

सिनेमात तशी लढाई फारशी दिसत नाही. एका पलटणीचा म्हातारा आचारी आहे. रोज संध्याकाळी तो सतरा शिपायांसाठी सतरा वाडग्यांत सूप वाढतो. एकाला मीठ कमी लागतं, एकाला पाव जळका लागतो, एक नेहमी उशिरा येतो आणि शिव्या खातो. मग एक-एक वाडगा उरायला लागतो. शेवटच्या दिवशी म्हातारा सवयीनं सतराच्या सतरा वाडगे भरतो, आणि खंदकाच्या बाजूनं एकटाच शिपाई येतो. तो खाली मान घालून सूप पितो. म्हातारा काही विचारत नाही. उरलेल्या सोळा वाडग्यांवर तो एकेक ताटली झाकत जातो. निवू नये म्हणून. संपला सिनेमा.

कँटीनमध्ये हुंदक्यांचा असा काही आवाज झाला, की प्रोजेक्टरवाल्याला वाटलं यंत्रच बिघडलं. आमचे हे धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. कुसुमचं नाक लाल. मी मात्र कोरडी! शेवटची दहा मिनिटं मी मनातल्या मनात धोब्याची यादी म्हणत होते. साड्या चार, धोतरं तीन, उशांचे अभ्रे सहा. शेजारणीनं माझा हात घट्ट धरला, तर मी तिला म्हटलं, "आवरा. इंग्रजी सिनेमा आहे, आपलं कोणी नाही त्यात."

मध्ये रीळ तुटल्यामुळं संपायला साडेचार झाले होते. मी दोघांना भराभर घरी आणलं, तोंडं धुवायला लावली, कुसुमला आतल्या खोलीत साडी नेसायला पाठवलं आणि ह्यांना दोन शब्द सुनावले. मुलीचा भाऊ म्हणून बसायचं आहे, जरा खंबीर दिसा. ह्यांनी मान हलवली. पण नजर कुठंतरी खंदकातच होती.

पाहुणे बरोबर पाचला आले. तिघेच. मुलगा, त्याची आई आणि वडील. मामा, मामी आणि काकांना एस.टी.त जागाच मिळाली नव्हती, ते चाकणच्या स्टँडवरून परत गेले. मुलाची आई नऊवारीतली, ताठ पाठीची बाई. बसायच्या आधी तिनं खुर्चीवरून बोट फिरवून धूळ पाहिली. (नव्हती.) मला ती पाहताक्षणी आवडली. वडील काही बोलत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात लॉरी चालवायला आफ्रिकेत होते, एवढं मुलानं सांगितलं. मुलगा सरळ, हसरा. त्यानं खुर्ची मागं घेतली तीसुद्धा उचलून, फरशीवर न घासता. दाराच्या फटीतून कुसुमनं ते पाहिलं, आणि तिनं ते पाहिलेलं मी पाहिलं. आज जमणार, असं माझ्या मनानं घेतलं.

टेबलावर सहा बशा वाढून ठेवल्या होत्या. तीन मी पाहुण्यांच्या हातांत दिल्या. उरल्या तीन. पोहे निवतील, म्हणून मी ताटल्या आणल्या आणि एकेका बशीवर झाकायला लागले.

पहिली झाकली. दुसरी झाकली. तिसऱ्या बशीपाशी माझा हात थांबला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मला काही दिसत नव्हतं. लोक सांगतात, की मी आधी "आई गं" म्हटलं आणि मग टेबलाला धरून जे रडू फुटलं, ते एका महायुद्धाला पुरेसं होतं. हे धावत आले. त्यांची नजर झाकलेल्या बशांवर गेली, त्यांना सगळं कळलं, आणि खंबीर दिसणारा मुलीचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्यात कुसुम चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं आम्हाला पाहिलं, बशा पाहिल्या, ट्रे खाली ठेवला आणि पदरात तोंड लपवलं.

मुलाच्या आईनं हातातली बशी हळूच टेबलावर ठेवली. एक घासही न घेता.

"कोण गेलं हो?" तिनं ह्यांना हलक्या आवाजात विचारलं.

माणसानं अशा वेळी विचार करून बोलावं. हे म्हणाले, "सोळाजण."

"सोळा?"

"एकच आला परत."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा उठला, मुलगा उठला. तिघांनी चपला घातल्या. 'येतो' असं कोणी म्हटलं नाही. घरात माणूस गेलेलं असताना येतो म्हणत नाहीत, चहापाणी घेत नाहीत, कुंकू तर लावूच नये. रीतीची मंडळी होती ती. सगळं रीतीनं केलं आणि निघून गेली. मी नाक पुसून दारापर्यंत पोचले, तोवर टांगा वळणावर होता.

टांगा वळणावर थांबला होता, हे मला नंतर कळलं. तिथं चिंचवड गावातून आम्हाला दूध घालणारी भागूबाई उभी होती. मुलाच्या आईनं तिला विचारलं, की वसाहतीत काय झालं आहे? भागूबाईनं तासाभरापूर्वी अख्खं कँटीन रडत बाहेर पडताना पाहिलं होतं. ती म्हणाली, कायतरी इपरीत झालंय खरं. बाईंनी सोळाचा आकडा सांगितला. टांगेवाल्यानंही तो ऐकला. टांगेवाला एका दिशेनं गेला, भागूबाई दुसऱ्या, आणि तासाभरात कारखान्यात सोळा माणसं दगावल्याची बातमी चिंचवडभर झाली.

सात वाजता कारखान्याचे लेबर ऑफिसर सायकलवरून धापा टाकत आमच्या दारात. त्यांना कोणीतरी गेटवर गाठलं होतं, आणि गेलेल्यांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती.

"वहिनी, तुमच्याकडे यादी असेलच," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे यादी नव्हती.

त्यांना मी कसंबसं समजावते आहे, तोच भागूबाई आली. बरोबर चार बाया, डोक्यांवर पातेली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. त्यांनी सोळा घरांना पुरेल एवढा आणला होता. मी सगळ्यांसमोर पायरीवर उभी राहून खरं काय ते सांगितलं. भागूबाईनं डोक्यावरचं पातेलं खाली ठेवलं.

"म्हंजी, शिनिमातली मान्सं मेली?"

"हो."

"खरं कुनी न्हाई?"

"नाही."

"मंग वैनी, ह्ये पिठलं आता कोन खानार?"

आम्ही खाल्लं. कँटीनमध्ये पंगत बसली, वसाहत जेवली, लेबर ऑफिसर दोनदा भात घेऊन गेले. पिठलं उत्तम होतं. फक्त कुसुम जेवली नाही. मी तिच्यापाशी जाऊन बसले, तर म्हणाली, "वहिनी, असू दे. तुमची काही चूक नाही." रागावली असती तर मला सोसलं असतं.

पुढचे दोन आठवडे मी चाकणला पत्र लिहायला बसत होते. 'आमच्या घरी कोणीही गेलेलं नाही' असं पत्र शहाण्या माणसांच्या घरून कधी जातं का? सात मसुदे झाले. सातही वेड्याच्या इस्पितळातून आल्यासारखे वाटायचे. हे म्हणत, थांब थोडी. कुसुमनं लग्नासाठी बाजूला ठेवलेली साडी रोजच्या वापराला काढली. ते बघून मला सिनेमात आलं नव्हतं तेवढं रडू आलं, पण तेव्हा कोणी पाहुणे नव्हते, म्हणून त्याची कुठं चर्चा झाली नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारीच, तिघं पुन्हा दारात! मुलाच्या आईच्या हातात नारळ नव्हता, चेहरा गंभीर होता.

"तेराव्याच्या आत यायचं नाही म्हणून थांबलो," ती म्हणाली. "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण तुमच्याकडे एवढं मोठं दुःख झालेलं. लग्न वर्षाच्या आत उरकायचं, की वर्ष जाऊ द्यायचं, तेवढं विचारायला आलो."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. कुसुम दाराआड उभी होती.

नुसतं 'वर्षाच्या आत' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोट्या सुतकावर नणंदेचं लग्न लावायचं मला धाडस होईना. मी सगळं सांगितलं. आचारी, वाडगे, माझी तिसरी बशी. (धोब्याची यादी म्हणत म्हणत सांगितलं, म्हणून पार पडलं.) मग मुलाचे वडील, जे दोन्ही भेटींत एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी विचारलं,

"त्या उरलेल्या वाडग्यांचं तो काय करतो?"

"झाकून ठेवतो."

त्यांनी मान हलवली. जरा वेळानं उठून व्हरांड्यात गेले आणि पुष्कळ वेळ आमच्या तुळशीकडे बघत उभे राहिले. मुलगा त्यांच्या मागोमाग गेला आणि नुसता शेजारी उभा राहिला.

मुलाची आई मात्र जागची हलली नव्हती. ती विचार करत होती.

"त्या तीन बशांचं तुम्ही काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी परतून खाल्ले पोहे."

"टाकले नाहीत?"

"नाही."

बाईंचा चेहरा उजळला. "मग सरळ सांगा ना," ती म्हणाली. "सिनेमा कशाला मध्ये आणता? तीन बशा अन्न वाया जाणार म्हणून तुम्हाला रडू आलं. त्यात लाजायचं काय? मला अशाच घरची मुलगी हवी होती."

मी तोंड उघडलं. दाराआडून कुसुमनं हात जोडले. मी तोंड मिटलं.

लग्न त्याच हंगामात झालं. मुलगा खरोखरच भला निघाला. कुसुमची भूक परत आली, इतकी की तिच्या पत्रांत आता निम्मं जेवणाचंच असतं. फक्त पहिल्याच पत्रात एक अडचण होती. 'वहिनी, अन्न उरलं की सासूबाई पातेलं माझ्यासमोर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला रडूच येत नाही. सिनेमा आठवावा, तर पडदा डोळ्यांसमोर नीट येत नाही. तुम्ही गोष्ट लिहून पाठवाल का?'

मी पोस्टकार्ड घेतलं आणि मुद्देसूद लिहायला बसले. एक, आचारी. दोन, सतरा वाडगे. नवव्या मुद्द्याशी डोळ्यातलं पाणी पडलं आणि शाई पसरली. दुसरं कार्ड आठव्या मुद्द्याशी गेलं. तिसरं ह्यांनी लिहायला घेतलं, ते दुसऱ्या मुद्द्यालाच चष्मा पुसायला उठले. घरातली कार्डं संपत आली, तेव्हा मी उरलेल्या एका कार्डावर एका ओळीत सल्ला लिहून टाकला: 'अन्न उरेल त्या दिवशी कांदे चिरायला घे. चाकणला कांद्यांना तोटा नाही.'

कार्ड पेटीत पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या रविवारी मीसुद्धा हातात एक कांदा आणि विळी घेऊन उभी राहिले असते, तर माझ्या रडण्याचं कोणाला काहीच वाटलं नसतं. पण त्या दिवशी पोह्यांचे सगळे कांदे मी सकाळी नऊलाच चिरून ठेवले होते. वेळ वाचावा म्हणून!