सुभाषचा शेवटचा सामना

सकाळी शाळेच्या मैदानावर कोणीतरी पांढरी फक्की टाकत होतं. त्या चुन्याच्या वासाबरोबर मी धुळ्याच्या मैदानावर जाऊन पोचलो.

तेव्हा मी जळगावच्या एका लहानशा क्लबाकडून डाव्या कडेने फुटबॉल खेळायचो. धुळ्याच्या संघाचा बचावपटू सुभाष दरवर्षीच्या सामन्यात मला अडवायचा. त्या दिवशी चेंडू बराच वेळ पलीकडेच घोटाळत होता. आम्ही दोघं रेषेजवळ नुसतेच उभे होतो. ऊन मऊ झालं होतं, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते.

"हाऊ मन्हा शेवटला सामना शे," तो हळूच म्हणाला. "डावा गुडघा गया."

"कोणाला सांगितलंस?"

"तुलेच."

तेवढ्यात चेंडू माझ्याकडे आला. मी मुद्दाम त्याच्या चांगल्या पायाच्या बाजूने गेलो. त्याने तो सहज काढून घेतला आणि माझ्यावर उखडला, "दया करस का? नीट खेळ ना भो!"

पुढच्या वेळी मी त्याच्या दुखऱ्या बाजूने सुसाट निसटलो. मागे पाहिलं, तर तो गुडघा धरून मातीत बसला होता आणि तोंडभर हसत होता.

तेव्हा मला ते हसू विचित्र वाटलं होतं. हल्ली जिना चढताना मुलगी माझ्यासाठी मुद्दाम हळू चालते, तेव्हा ते कळतं.