सहाव्या तारेचा श्रोता

तमाम सुजाण मराठी भाषकांना, विशेषतः माळव्यात राहून हिंदीत भांडणाऱ्या आणि मराठीत आरती म्हणणाऱ्या आपल्या बांधवांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की देवासमध्ये एका मुलीनं गिटार बसून वाजवली. एकटीनं. मागे ड्रम नव्हता, बाजूला गायक नव्हता, आणि ती स्वतःही गायली नाही. ज्यांना ही अफवा वाटत असेल त्यांनी मला गाठावं. मी तिथे हजर होतो, सूत्रसंचालक होतो, आणि कार्यक्रमभर माझ्या मांडीवर एक दिवंगत गृहस्थ बसले होते.

मुलगी माझ्या मित्राची. तो इथल्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि उरलेल्या वेळात आमच्या मंडळाचा कार्यवाह. म्हणजे खरं तर उरलेल्या वेळात नोकरी करायचा. मागच्या पावसाळ्यात तो गेला. मायलेकी धारला, मुलीच्या आजोळी राहायला गेल्या. मुलगी तोवर पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार बरीच शिकली होती. तिचा कार्यक्रम आपल्या मंडळात करू, असं ठरवून मी धारला फोन लावला. ती लगेच हो म्हणाली, पण एका अटीवर.

"काका, बाबांचं नाव घ्यायचं नाही. श्रद्धांजली नको, उभं राहून शांतता नको. लोक एकदा मला 'बिचारी' म्हणायला लागले ना, की माझं वाजवणं त्यांना ऐकूच येत नाही. धारला झालंय असं. मी वाजवत होते आणि समोर बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. नाचाची धून होती, काका."

मी शब्द दिला. दिलेला शब्द पाळणं माझ्या हातात होतं. पण मंडळाचा हॉल माझ्या हातात नव्हता.

त्या हॉलमध्ये माझा मित्र जागोजाग शिल्लक होता. पडद्याच्या दोरीला त्यानं मारलेली गाठ अजून कोणाला सुटत नाही. पंखे लावायच्या बोर्डावर त्याच्या वळणदार अक्षरात चिकटवलेली पट्टी आहे: 'हे बटण दाबू नये. दाबल्यास मला बोलवावे.' संध्याकाळी मायलेकी आल्या तेव्हा मुलगी त्या पट्टीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"आता कोणी दाबलं तर?" तिनं विचारलं.

"चल, तुझी खुर्ची बघ," वहिनी म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या जेमतेमच बोलत होत्या.

साउंडवाल्यानं खुर्चीपुढे माइक लावला आणि दाराकडे नजर लावून बसला. शेवटी मला म्हणाला, "भिया, बाकी पार्टी कब आएगी?"

"यही पार्टी है."

"अकेली? ढोलक भी नी?"

"नी."

वऱ्हाड वाटेत अडकलेल्या नवरीकडे बघावं तसं त्यानं मुलीकडे पाहिलं आणि गुपचूप तिच्यासाठी पाण्याची बाटली आणून ठेवली.

आता एका पाटाविषयी. ही गिटार वाजवताना डावा पाय थोडा उंच ठेवावा लागतो, म्हणजे वाद्य छातीशी नीट येतं. बाजारात त्यासाठी लोखंडी घडीचं काहीतरी मिळतं. पण माझ्या मित्रानं घरातल्या जेवायच्या पाटालाच उंच पाय ठोकून दिले होते. पोरगी लहानपणापासून त्यावर पाय ठेवून शिकली. त्या दिवशीही तिनं तो पाट खुर्चीपुढे ठेवला, गिटार उचलली आणि बोटं गरम करायला आतल्या खोलीत गेली.

इथे आमचे अध्यक्ष रंगमंचावर आले. अतिशय सज्जन माणूस. आमच्याकडे कोजागिरी असो की आरोग्य शिबिर, सुरुवात एकाच पद्धतीनं होते. रंगमंचावर पाट, पाटावर फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती. आजवरचा प्रत्येक फोटो अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं मांडलेला आहे. त्यांनी रंगमंचावर मधोमध रिकामा पाट पाहिला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं.

मी पडदा बंद असताना त्याच्या पुढे उभा राहून सूचना देत होतो. "मध्ये वाहवा नको. टाळ्या नकोत. कलाकार हात वर करेपर्यंत कोणी चुळबुळही करायची नाही." मित्राचं नाव कटाक्षानं टाळलं, स्वतःवर खूश झालो, खाली उतरलो आणि स्पीकरच्या खोक्याशेजारी माझ्या खुर्चीत बसलो. पडदा उघडला.

पाटावर माझा मित्र हसत होता. गळ्यात झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना उदबत्त्या. हॉलच्या भिंतीवर जिथे तो कार्यवाह म्हणून टांगलेला असायचा तिथे रंगाचा एक ताजा चौकोन उघडा पडला होता.

सगळ्या हॉलनं एकदम श्वास सोडला. पुढच्या रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "बिचारी." अध्यक्ष विंगेतून वाकून मला सांगत होते, "बघा, कोणाच्या लक्षातच नव्हतं. मी होतो म्हणून."

मुलगी दुसऱ्या बाजूनं आली आणि फोटो पाहून जागच्या जागी थांबली. तिला वाजवायचं तर पाय तिथेच ठेवायला हवा होता. हॉलमधले पदर वर सरकू लागले. तिनं गिटार खुर्चीवर ठेवली, उदबत्त्या बाजूला केल्या, दोन्ही हातांनी फोटो उचलला आणि रंगमंचाच्या कडेला येऊन माझ्याकडे खाली दिला.

"काका, यांना धरा. ऐकायला बसवा."

"हार?"

"राहू द्या."

मग ती बसली आणि बाप आत्ताच जिथून उठला होता त्या पाटावर तिनं चपलेसकट डावा पाय ठेवला.

"अगं बाई, पाय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता कणव नव्हती, चांगला खणखणीत राग होता. मला फार बरं वाटलं. निदान त्या आता तिच्याकडे बघत होत्या.

तिनं नाचाची धूनच आधी घेतली. सहा तारांतून इतके पाय नाचत होते की साउंडवाल्यानं पुन्हा एकदा विंगेत डोकावून पाहिलं. अध्यक्ष गुडघ्यावर ताल धरत होते, तो हरवत होता, पुन्हा सापडत होता. दुसऱ्या रचनेपर्यंत मावशींचा राग विरघळला आणि तिसरीला त्या खुर्चीच्या अगदी काठावर आल्या. मी फोटो रंगमंचाकडे तोंड करून धरला होता. त्याला माझं पोट बघत बसवणं बरं दिसलं नसतं.

शेवटच्या रचनेआधी तिनं सगळ्यात जाड, सहावी तार आणखी खाली उतरवली. रचना संथ होती, अंधाऱ्या जिन्यानं उतरल्यासारखी. ती जाड तार पहिल्यांदा वाजली आणि माझ्या हातातली फ्रेम गुणगुणली.

काच सैल होती, स्पीकर शेजारी होता. मी वाणिज्य शाखेचा असलो तरी एवढं विज्ञान मला कळतं. पण आवाज त्याचाच होता. तोंड मिटून, जरासा बेसूर, मैफलीत खाली बसून तो कलाकाराबरोबर गुणगुणायचा तसाच. मी अंगठ्यानं काच दाबली, तर तो आणखी मोठ्यानं गुणगुणला. डोकी वळली. सगळा हॉल फोटोकडे बघू लागला.

मुलीनंही ऐकलं होतं. तिनं मान वर केली, आणि पुढे ती जाड तार आली की तिला जेमतेम शिवू लागली, आजाऱ्याच्या खोलीतून जावं तशी. फ्रेम गप्प झाली. पण रचनेचा तळच निघून गेला. मावशींचा हात पदराकडे निघाला. तो 'बिचारी' शब्द पुन्हा हॉलमध्ये शिरतोय हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि तिलाही दिसलं असणार.

तिनं हनुवटी खाली घेतली आणि अंगठा पूर्ण दाबून ती तार छेडली. फ्रेम खणाणली. खणाणू दे. पुन्हा छेडली. ती आता त्याला टाळत नव्हती आणि त्याच्यासाठी वाजवतही नव्हती. त्या जागी तो सूर हवा होता, म्हणून वाजवत होती. एकेक करून डोकी फोटोकडून तिच्याकडे परत गेली. मावशींचा हात हवेतच राहिला, पदर विसरून.

शेवटचा सूर त्याच तारेचा होता. तो विझत गेला आणि तिनं तारांवर तळवा ठेवला. हात अजून वर झाला नव्हता, म्हणून कोणी हललं नाही. आणि त्या शांततेत, तार पूर्ण थांबल्यावरही, फ्रेम माझ्या मांडीवर क्षणभर गुणगुणत राहिली. माझे हात थरथरत होते असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. असेल.

मागच्या खुर्चीवरून वहिनी पुढे वाकल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात फोटोला म्हणाल्या, "अहो, तिचं वाजवून झालंय. आता तरी गप्प बसा."