मुठीत दाबलेला अंगठा

ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली आणि साठीतल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. पालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या, राहायला पूर्वेच्या चाळीत. त्यांची मुलगी लग्न होऊन घोडबंदर रोडला गेलेली, तिला चार वर्षांची एक लेक.

"दोन महिने झाले साहेब, तिला माहेरी पाठवत नाहीत. व्हिडिओ कॉलवर 'बरी आहे' म्हणते. पण ती बरी नाहीये."

"कशावरून?"

"अंगठा मुठीत दाबून बोलते. लहानपणी तिचे वडील पिऊन आले की अशीच बसायची."

बाई रडत नव्हत्या, आवाजही चढला नव्हता. मला वाटलं, जावयाशी काहीतरी बिनसलं असेल. अंगठ्यावरून कसला गुन्हा दाखल करणार? तरी तक्रार अर्ज घेतला आणि मुलगी-जावयाला चौकशीसाठी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. तो इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख. ती मान खाली घालून. माझ्या प्रत्येक प्रश्नाला आधी नवऱ्याकडे बघायची, मग म्हणायची, "माझी काही तक्रार नाही." नजर चुकवते म्हणजे काहीतरी लपवते, असं मी मनात नोंदवलं. आईने उगाच कांगावा केला, असंही वाटून गेलं. हवालदाराने जबाब लिहून सहीसाठी पुढे सरकवला.

तिने पेन उचललं. डावा हात मांडीवर होता. मूठ घट्ट, अंगठा आत, बोटं पांढरी पडलेली.

"सही राहू दे," मी म्हणालो. महिला हवालदार तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या.

नवऱ्याचा पाय मघापासून हलत होता. नोकरी, घर, सासू, सगळ्याची उत्तरं तो हसून देत होता. मी सहज विचारलं, "मुलगी कुठे आहे तुमची?"

पाय थांबला. हसू तसंच राहिलं.

"भावाकडे. शीळफाट्याला. खेळतेय."

चार वर्षांची पोर आईला सोडून काकाकडे कशाला? मी उठून शेजारच्या खोलीच्या दाराशी गेलो. महिला हवालदार हलक्या आवाजात म्हणाल्या, "काही बोलत नाहीये, सर. पण सारखी घड्याळाकडे बघतेय." मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, किती वाजता काय होणार आहे?"

तिने घड्याळावरची नजर काढली. "चारपर्यंत यांचा फोन गेला नाही, तर दीर माझ्या पोरीला घेऊन जाणार. कुठे ते सांगत नाहीत. म्हणाले, तोंड उघडलंस तर पोरगी परत दिसणार नाही."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

नवऱ्याचा मोबाईल ताब्यात घेतला, पत्ता काढला, तिकडच्या ठाण्याला वायरलेसवर कळवलं आणि निघालो. शीळफाट्याच्या वाटेवर कंटेनरची रांग लागली होती. सायरन चालू होता, पण जागाच नव्हती. माझ्या नोकरीत चकमकीतही मी इतका घाबरलो नव्हतो. मीच थोड्या वेळापूर्वी तिला सही करून घरी पाठवणार होतो.

पोचलो तेव्हा तिकडच्या पोलिसांनी दिराला जिन्यातच पकडलं होतं. पिशवी भरलेली होती. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. कडी काढली. पोर भिंतीला टेकून बसलेली, रडत नव्हती. मी टोपी काढायला हात वर केला, तशी तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

मी तिथेच, लांब, फरशीवर बसलो. तिची आजी येईपर्यंत हललो नाही.

पुढे दोघा भावांना शिक्षा झाली. मायलेकी आता कल्याणला राहतात.

भीती आणि खोटेपणा माणसाच्या अंगावर जवळजवळ सारखेच दिसतात. मी भीतीला खोटेपणा समजलो, हसण्याला सभ्यपणा. देहबोली हा पुरावा नव्हे. ती फक्त सांगते, अजून एक प्रश्न विचार, आणि एकट्याला गाठून विचार. हे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगितलं. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाही. आजही लहान मूल समोर असलं की मी हात वर करत नाही.